वडिलांचा जुना आयपॉड व्हिडिओ: आधी गाणी बाहेर काढा, दुरुस्तीचं नंतर बघू

तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न गुंतलेत, ते आधी सुटे करतो. तुम्ही लिहिलंय ते असं: काकांनी २००६ साली न्यू जर्सीहून आणलेला वडिलांचा पांढरा ३० जीबीचा आयपॉड दहाएक वर्षं कपाटात पडून होता. आता चार्जिंगला लावला की सफरचंद दिसतं, आतून टिक-टिक आवाज येतो आणि शेवटी फोल्डर आणि उद्गारचिन्ह येऊन थांबतं. आत वडिलांनी स्वतः कॅसेटवरून उतरवलेलं नाट्यसंगीत, घरगुती मैफलींची ध्वनिमुद्रणं आणि मुंजीच्या टेपवरून केलेले दोन-तीन व्हिडिओ आहेत. दुसरी प्रत कुठेच नाही, आणि वडिलांना फोनवर गाणी लावता येत नाहीत. जवळचा दुकानदार म्हणतो, हार्ड डिस्क गेली, नवी टाकून देतो. आणि तुम्ही विचारताय की दुरुस्त करावा, नवा प्लेअर घ्यावा की सगळं वडिलांच्या फोनवर टाकून मोकळं व्हावं.

मी पुण्यात जुने म्युझिक प्लेअर दुरुस्त करतो, आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या यंत्रांत या पिढीचे आयपॉड बरेच असतात. माझं पहिलं सांगणं एवढंच, की दुकानदाराला आत्ता होकार देऊ नका. तो डिस्क बदलून देईल, आयपॉड चालूही होईल, पण रिकामा. तुमच्यासाठी मोलाची वस्तू ती जुनी डिस्क आहे. यंत्र आजही बाजारात सेकंडहँड मिळतं, वडिलांच्या कॅसेटी मिळणार नाहीत. म्हणून गाणी वाचवणं हे एक काम आणि आयपॉड जिवंत करणं हे दुसरं, आणि पहिलं संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

तुमच्याकडे नेमकं काय आहे ते बघू. अ‍ॅपलने पाचव्या पिढीचा आयपॉड ऑक्टोबर २००५ मध्ये आणला. व्हिडिओ दाखवणारा हा पहिला आयपॉड, म्हणून लोक त्याला आयपॉड व्हिडिओच म्हणतात. अडीच इंची पडदा, ३२० बाय २४० पिक्सेल, ३० आणि ६० जीबीच्या दोन आवृत्त्या. सप्टेंबर २००६ मध्ये त्यातच सुधारणा होऊन जास्त उजळ पडद्याचा ३० आणि ८० जीबीचा संच आला. दोघांच्याही पाठीवर ए११३६ हाच क्रमांक असतो, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. चालू झाल्यावर म्युझिकच्या यादीत ‘सर्च’ दिसला तर नंतरचा. तुमच्या कामासाठी त्याने फारसं अडत नाही.

आत तोशिबाची १.८ इंची फिरती हार्ड डिस्क आहे आणि सोबत ३२ एमबीची मेमरी. ही जोडी कशी चालते ते समजलं की टिक-टिकचा अर्थ लागतो. आयपॉड डिस्क सतत फिरवत नाही. ती थोडा वेळ फिरते, पुढची काही गाणी मेमरीत भरते आणि थांबते. मेमरीतलं संपत आलं की पुन्हा फिरते. थांबलेली डिस्क फिरवायला सुरू करताना क्षणभर जास्त वीज लागते, आणि ती वीज बॅटरीतून येते. बॅटरी मेलेली असेल तर डिस्क फिरायचा प्रयत्न करते, वेग गाठू शकत नाही, सोडून देते, पुन्हा प्रयत्न करते. कानाला ते अगदी डिस्क गेल्यासारखंच ऐकू येतं. दहा वर्षं पडून राहिलेल्या आयपॉडची बॅटरी जवळजवळ नेहमीच संपलेली असते, म्हणून नुसत्या आवाजावरून डिस्क गेली असं मी म्हणत नाही. तिसरी शक्यता डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या पट्टीसारख्या केबलची. हा आयपॉड कधी पडला असेल तर ती केबल केसभर सरकते आणि नेमकं हेच फोल्डरचं चिन्ह येतं. म्हणजे बॅटरी, केबल आणि डिस्क असे तीन संशयित आहेत, आणि त्यातले दोन स्वस्तात सुटणारे आहेत.

आता सुरुवात. मागची स्टीलची पाठ आणि पुढचा पांढरा भाग यांच्यामधली फट चारी बाजूंनी नीट बघा. कुठे फट रुंद झालीय का, पडदा आतून वर उचलल्यासारखा दिसतोय का? तसं असेल तर बॅटरी फुगलीय. मग चार्जिंग करायचं नाही, दाबायचं नाही, टोचायचं तर मुळीच नाही, थेट बॅटरी काढण्याकडे वळायचं. फट सरळ असेल तर साध्या ५ व्होल्टच्या यूएसबी चार्जरला लावून तीन-चार तास तसाच राहू द्या, मध्ये बटणं दाबत बसू नका. बॅटरी फार खाली गेली असेल तर बराच वेळ पडद्यावर काहीच येत नाही किंवा थांबायला सांगणारी सूचना येते, त्याने घाबरू नका. ३० पिनांची केबल मात्र चांगली हवी. बाजारातल्या काही स्वस्त केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, माहितीच्या नसतात. मग संगणकाला आयपॉड दिसत नाही आणि माणूस आयपॉडला दोष देत बसतो.

चार्ज झाल्यावर होल्डचं बटण एकदा पुढे-मागे करा, मग मेनू आणि मधलं बटण एकत्र सहा ते आठ सेकंद दाबून धरा. सफरचंद दिसताक्षणी ती सोडून मधलं बटण आणि प्ले-पॉज दाबून धरा. याला डिस्क मोड म्हणतात. नेहमीचा कारभार बाजूला ठेवून आयपॉड एखाद्या पेन ड्राइव्हसारखा संगणकाला जोडला जातो. डिस्क मोड लागला आणि संगणकाने आयपॉड ओळखला तर तुमचं अर्धं काम झालं.

इथे एक धोक्याची जागा आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या लोकांनी गाणी गमावली ती बहुतेक इथेच. विंडोजच्या संगणकावर आयट्यून्स (आयपॉडमध्ये गाणी भरायचा अ‍ॅपलचा प्रोग्राम) असेल तर ते म्हणेल, हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, पुसून या लायब्ररीशी जोडू का? किंवा म्हणेल, रिस्टोअर, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा, करू का? दोन्हीला नाही म्हणायचं. त्याहून बरं म्हणजे या कामासाठी आयट्यून्स नसलेला संगणक घ्यायचा. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून हेच काम फाइंडर, म्हणजे मॅकचा फायली बघायचा प्रोग्राम, करतो, तिथेही सिंकच्या बटणाला हात लावू नका. आणि काका अमेरिकेत मॅक वापरत असतील तर आयपॉडची डिस्क मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असण्याची शक्यता आहे. तसा आयपॉड विंडोजला जोडला की विंडोज म्हणतं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. तिथेही नाही म्हणा, आणि कोणाचा तरी मॅक मागून आणा.

कॉपी करायला घेण्याआधी डिस्कची तब्येत विचारून घ्यावी. आयपॉडमध्येच तशी सोय आहे. पुन्हा मेनू आणि मधलं बटण दाबून रीसेट करा, आणि सफरचंद दिसताना मधलं बटण आणि मागे जाण्याचं बटण धरून ठेवा. तपासणीचा मोड उघडतो. इथे चाक चालत नाही, पुढे-मागेच्या बटणांनी सरकायचं. मॅन्युअल टेस्टमधून आयओ, तिथून हार्ड ड्राइव्ह, तिथून एचडी स्मार्ट डेटा. त्यात रिअ‍ॅलॉक्स आणि पेंडिंग सेक्टर्स असे दोन आकडे दिसतील. रिअ‍ॅलॉक्स म्हणजे डिस्कने खराब झाल्या म्हणून बाजूला टाकलेल्या जागा, पेंडिंग म्हणजे संशयित जागा. दोन्ही शून्य किंवा एक आकडी असतील तर निवांत कॉपी करा. शेकड्यांत असतील तर डिस्क शेवटच्या घटका मोजतेय असं समजून चला. त्याच यादीत एचडी स्कॅन नावाची चाचणी दिसेल, ती कॉपी होण्याआधी चालवू नका. ती सगळी डिस्क वाचत सुटते, आणि थकलेल्या डिस्कची उरलेली ताकद तपासणीत घालवण्यात अर्थ नाही.

आता गाणी. डिस्क मोडमध्ये आयपॉड उघडला की वरवर काहीच दिसणार नाही, कारण गाणी लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. संगणकात लपवलेल्या फायली दाखवण्याची सोय चालू केली की आयपॉड_कंट्रोल नावाचं फोल्डर दिसेल. त्यात म्युझिक, त्यात एफ००, एफ०१ असं करत एफ४९ पर्यंत फोल्डरं. गाणी या सगळ्यांत विखुरलेली असतात आणि फायलींची नावं चार निरर्थक अक्षरांची. ती बघून अनेकांना वाटतं, सगळं बिघडलं. काही बिघडलेलं नाही, आयपॉड असाच ठेवतो. एमपी३ आणि एएसी फायलींच्या आत गाण्याचं, गायकाचं, अल्बमचं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे संगणकावर घेतल्यावर नावं परत लावता येतात.

तुमच्या बाबतीत मात्र मला एक शंका येते. वडिलांनी कॅसेटवरून स्वतः उतरवलंय म्हणता. त्या काळी घरी कॅसेट उतरवणारे बरेचजण फायली वेव्ह (आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपातच ठेवत. आयट्यून्समध्ये वेव्ह फायलीला दिलेलं नाव फाइलच्या आत लिहिलं जात नाही, ते फक्त आयट्यून्सच्या यादीत राहतं, आणि आयपॉडवर त्या यादीची प्रत आयट्यून्सडीबी नावाच्या फायलीत असते. आयपॉड_कंट्रोलमध्येच आयट्यून्स नावाचं जे फोल्डर आहे, त्यात. तुम्ही फक्त म्युझिकचं फोल्डर उचललंत आणि ही फाइल सोडलीत, तर हाती येतील शेकडो निनावी ध्वनिमुद्रणं: कोणती मैफल, कोण गातंय, कुठल्या वर्षी, काही कळणार नाही. म्हणून आयपॉड_कंट्रोल हे फोल्डर आख्खं, आहे तसं कॉपी करा. आयपॉडवरून गाणी परत घेणारे प्रोग्राम आहेत, ते हीच फाइल वाचून नावं जोडतात. त्यातच प्ले लिस्टही असतात आणि कोणतं गाणं किती वेळा वाजलं त्याची नोंदसुद्धा. वडिलांनी काय सर्वांत जास्त ऐकलं तेही त्यातून कळतं, आणि मला विचाराल तर तेही जपून ठेवण्यासारखं आहे.

काकांनी अमेरिकेतल्या आयट्यून्स स्टोअरमधून काही गाणी विकत घेऊन टाकली असतील तर त्यांचं वेगळं. भारतात ते स्टोअर डिसेंबर २०१२ मध्ये आलं, त्यामुळे तुमच्या आयपॉडवरची विकतची गाणी असली तर तिकडचीच. २००९ च्या आधी विकलेल्या बहुतेक गाण्यांना कुलूप असे आणि ती घेणाऱ्याच्या खात्याशिवाय वाजत नाहीत. त्यांच्या मागे लागू नका, ती आज कुठेही ऐकायला मिळतात.

३० जीबी म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम २८, पण ही डिस्क संथ आहे, तास-दीड तास धरून चाला. कॉपी मध्येच अडली, एखाद्या फायलीवर घुटमळली आणि टिक-टिक सुरू झाली, तर पुन्हा-पुन्हा प्रयत्न करू नका. तिथे थांबा. अशा वेळी मी फायली कॉपी करत नाही, आख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे एकाच फायलीत हुबेहूब नक्कल, घेतो. लिनक्स आणि मॅकवर चालणारा डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो चांगल्या जागा आधी पटापट वाचून घेतो, अडलेल्या जागा वगळून पुढे जातो आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतो. कुठवर आलो याची नोंद ठेवतो, त्यामुळे मध्ये थांबून डिस्क थंड होऊ दिली तरी पुढून सुरू करता येतं. आजारी डिस्ककडून काम काढून घ्यायचं तर हाच क्रम बरोबर आहे. डिस्क फ्रीजमध्ये ठेवा, हातावर आपटा असे सल्ले तुम्हाला मिळतील. आपल्याकडच्या हवेत फ्रीजमधून काढलेल्या धातूवर लगेच दव धरतं आणि ते आत जातं. आपटण्याबद्दल तर बोलायलाच नको.

इथवरचं थोडक्यात: फट तपासा, भरपूर चार्ज करा, डिस्क मोड लावा, पुसण्याच्या प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणा, आकडे बघा, आख्खं आयपॉड_कंट्रोल दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी करा. हे झालं असेल तरच पुढचं वाचा.

डिस्क मोड लागलाच नाही तर उघडावं लागेल. पाचव्या पिढीचा आयपॉड उघडायला त्यातल्या त्यात सोपा. त्याच्यानंतर २००७ मध्ये आलेला क्लासिक धातूच्या तोंडाचा आहे आणि त्याच्या कडा वाकल्याशिवाय उघडणं मोठं कौशल्याचं काम आहे. तुमच्यात पुढचा भाग प्लास्टिकचा आहे, त्यामुळे होल्डचं बटण लावून पातळ प्लास्टिकची पट्टी बाजूच्या फटीत घालायची आणि आतले खटके एकेक करून सोडवत न्यायचे. स्क्रू ड्रायव्हर घालू नका, स्टीलवर पडलेला पोचा परत जात नाही. खटके सुटले की दोन्ही भाग लगेच वेगळे ओढायचे नाहीत. पाठीला चिकटलेल्या दोन पट्ट्या बोर्डवर जातात, एक बॅटरीची आणि एक हेडफोनच्या जॅकची आणि होल्डच्या बटणाची. पुस्तक उघडावं तसा हळू उघडायचा आणि आधी बॅटरीची पट्टी सोडवायची. तिच्या सॉकेटवर एक बारीक तपकिरी कुलूप असतं. ते केसाच्या जाडीएवढंच वर सरकतं, आणखी ओढलं तर सॉकेटच बोर्डवरून निघून येतं. नवशिक्यांचे आयपॉड कायमचे जातात ते याच ठिकाणी. घाई असेल, हात थरथरत असेल किंवा प्रकाश कमी असेल तर त्या दिवशी उघडूच नका.

मग डिस्क उचलायची, तिची केबल सॉकेटमधून काढून पुन्हा सरळ बसवायची, आणि नवी बॅटरी जोडून बघायचं. बरेच ‘गेलेले’ आयपॉड एवढ्यावर उठून बसतात. तरीही नाही उठला तर डिस्क बाहेर काढून यूएसबीच्या अ‍ॅडॅप्टरवर थेट संगणकाला जोडता येते. या डिस्कचं कनेक्शन झिफ प्रकारचं असतं, त्यासाठीचा अ‍ॅडॅप्टर वेगळा मागावा लागतो. तिथेही डिस्क वाचली गेली नाही, तर ती माहिती परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यायची वेळ. तो खर्च आयपॉडच्या कित्येक पट होतो, आणि तो करायचा की नाही हे त्या मैफलींचं मोल तुम्हाला किती यावर. ते मी ठरवू शकत नाही. मात्र प्रयोगशाळेत न्यायची असेल तर त्याआधी डिस्क कोणालाही उघडू देऊ नका.

गाणी हाती आली असं धरून दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: वडिलांना हाच आयपॉड परत द्यावा का?

माझं मत होय असं आहे, पण त्याच डिस्कवर नाही. डिस्क बरी निघाली तरी ती वीस वर्षांची आहे. तिच्या जागी अ‍ॅडॅप्टर आणि एसडी कार्ड बसवायचं. यासाठी मुद्दाम केलेले आयफ्लॅश नावाचे अ‍ॅडॅप्टर मिळतात, डिस्कच्याच केबलला लागतात. फिरणारं काही उरत नाही, आवाज नाही, धक्क्याची भीती नाही, वजन कमी, आणि वीजही कमी लागते. अ‍ॅडॅप्टर डिस्कपेक्षा पातळ असल्यामुळे जरा जाड बॅटरीही बसते. नाट्यसंगीत आणि ख्याल ऐकणाऱ्यांना याचा फायदा जरा जास्तच होतो. सिनेमाची गाणी चार-पाच मिनिटांची, ३२ एमबीच्या मेमरीत बरीच मावतात. पाऊण तासाचा राग वेव्हमध्ये असेल तर तो साडेचारशे एमबीच्या आसपास जातो, मेमरीत त्याचा लहानसा तुकडाच बसतो आणि डिस्क दर काही मिनिटांनी फिरत राहते. जुने मालक म्हणतात की जाहिरातीत १४ तास चालणारा आयपॉड आमच्याकडे पाच-सहा तासच चालायचा, त्यात बऱ्याचदा हेच कारण असतं. कार्डावर हा त्रास उरत नाही. तरी वेव्ह फायली अ‍ॅपल लॉसलेसमध्ये बदलून घ्या. दर्जा कणभरही जात नाही, जागा निम्म्याच्या आसपास लागते आणि नावं फायलीच्या आतच राहतात.

कार्ड ६४ किंवा १२८ जीबीचं पुरे. ३२ एमबी मेमरीच्या यंत्राला ढीगभर गाण्यांची यादी पेलत नाही. वीसेक हजारांच्या पुढे गेलं की अडखळतो, मग कार्ड कितीही मोठं असो. वडिलांचा संग्रह त्याच्या जवळपासही नसणार. कार्ड नामांकित कंपनीचं आणि खात्रीच्या ठिकाणाहून घ्या. कार्ड बसवून आयपॉड आयट्यून्समधून रिस्टोअर करायचा असतो (आता म्हणा हो), आणि तो मध्येच अडला तर बहुतेक वेळा कार्ड नाहीतर केबल वाईट निघते. बॅटरी घेताना वेष्टनावरच्या आकड्यावर जाऊ नका. छापलेला आकडा आणि आतली क्षमता यांचा संबंध असेलच असं नाही. तेवढ्याच आकाराच्या दोन बॅटऱ्यांत हलकी लागेल ती मी परत करतो. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

सत्तरीच्या माणसाला हे यंत्र झेपतं का? ज्यांनी ते आधी वापरलंय त्यांना झेपतं. बोटाला चाकाची सवय राहिलेली असते. चालू करून आई-बाबांच्या हातात दिला की बहुतेकजण न विचारता यादीत खाली जाऊ लागतात. मध्येच फोन वाजत नाही, जाहिरात येत नाही, नेट गेलं म्हणून तान अर्धवट तुटत नाही. माझ्याकडून आयपॉड परत नेलेले ज्येष्ठ लोक हेच सांगतात. अडचणीही त्यांच्याकडूनच कळल्या. पडद्यावरची अक्षरं बारीक आहेत, चष्म्याशिवाय वाचता येत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे गाण्यांच्या लांबलचक याद्या न ठेवता ‘सकाळ’, ‘नाट्यपदं’, ‘मैफल’ अशा मोजक्या प्ले लिस्ट करून देणं, म्हणजे चार ओळींतून निवडायचं. ब्लूटूथ नाही. कानाचं यंत्र किंवा ब्लूटूथ स्पीकर वापरत असतील तर जॅकला लावायचा छोटा ट्रान्समीटर घ्यावा लागतो, आणि ती आणखी एक चार्ज करायची वस्तू होते. त्यापेक्षा ३० पिनांचा जुना स्पीकर डॉक शोधा. कितीतरी घरांच्या माळ्यावर ते पडून आहेत. आयपॉड त्यावर बसवला की चार्ज होतो आणि आवाज हेडफोनच्या जॅकमधून न येता लाइन-आउटमधून येतो, तो जास्त स्वच्छ असतो. आवाजाची कमाल मर्यादा सेटिंग्जमध्ये बांधून देता येते, तीही बांधून द्या.

दुसरीकडे, काही तरुण मंडळी फोनपासून सुटका म्हणून जुना आयपॉड हौसेने घेतात, आणि त्यातले बरेच तो काही दिवसांतच बाजूला ठेवतात. कारण एकच, नवं गाणं हवं असेल तर संगणकाला जोडून भरावं लागतं. ज्याचं ऐकणं रोज बदलतं त्याला हा कंटाळा झेपत नाही. ज्याचा संग्रह ठरलेला आहे आणि तोच पुन्हा-पुन्हा ऐकायचाय, त्याच्यासाठी याच्यासारखं यंत्र नाही. तुमचे वडील, तुम्ही लिहिलंय त्यावरून, दुसऱ्या प्रकारात बसतात.

रॉकबॉक्स टाकावं का, असंही कोणीतरी तुम्हाला सांगेल. हे आयपॉडच्या मूळ प्रणालीऐवजी चालणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. आयट्यून्स लागत नाही, फोल्डर सरळ टाकता येतात, फ्लॅक फायली वाजतात. माझ्या स्वतःच्या आयपॉडवर तेच आहे. वडिलांच्या आयपॉडवर मात्र मूळ प्रणालीच राहू द्या. त्यांचा हात तिला बसलाय, आणि आयपॉडवरचे व्हिडिओ ज्या एच.२६४ स्वरूपात असतात ते रॉकबॉक्समध्ये चालत नाही.

आता मुंजीचे व्हिडिओ. आयपॉडवर आधीच आहेत ते योग्य स्वरूपात आहेत, पुन्हा बदलू नका. प्रत्येक रूपांतरात चित्र थोडं खालावतं. मूळ टेप घरात कुठे असेल तर ती मात्र शोधा, कारण आयपॉडवरची प्रत ३२० बाय २४० ची असण्याची दाट शक्यता आहे आणि टेपवर त्याहून पुष्कळ जास्त आहे. नवे व्हिडिओ टाकायचे झाले तर फोनवरचे तसेच्या तसे चालणार नाहीत. ३२० बाय २४०, एच.२६४ चा बेसलाइन प्रोफाइल, ७६८ केबीपीएसच्या आत, सेकंदाला ३० चित्रांपर्यंत, आवाज एएसीमध्ये १६० केबीपीएसपर्यंत, एवढं जमवलं की अडत नाही. आजचे आडवे लांब व्हिडिओ या चौकोनी पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्यांसह अगदी चिंचोळे दिसतात. जुन्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ मात्र त्याच मापाचे, ते पडदाभर बसतात.

खरं सांगायचं तर व्हिडिओ बघण्यासाठी म्हणून हा आयपॉड दुरुस्त करू नका. अडीच इंचांवर सिनेमा बघणं २००६ मध्ये अप्रूप होतं, आणि तेव्हाही ३० जीबीच्या पहिल्या आवृत्तीची बॅटरी व्हिडिओला दोनच तास पुरे. पण या पिढीत एक सोय आहे जी फार जणांना ठाऊक नसते: हेडफोनच्या जॅकमधूनच चित्रही बाहेर येतं. त्यासाठीची एव्ही केबल मिळवून टीव्हीच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या सॉकेटला लावली आणि सेटिंग्जमध्ये टीव्ही आउट चालू केलं की मुंज मोठ्या पडद्यावर दिसते. केबल मुद्दाम आयपॉडसाठीची घ्या. कॅमकॉर्डरच्या तशाच दिसणाऱ्या केबलींत तारांचा क्रम वेगळा असतो, आणि मग पिवळ्यात आवाज जातो. तशीच केबल घरात असेल तर टीव्हीच्या बाजूला रंगांची अदलाबदल करून बघा, बहुतेकदा जमतं.

नवा प्लेअर घेण्याचा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. चांगले नवे प्लेअर आहेत, पण त्यातले बरेच अँड्रॉइडवर चालतात, म्हणजे पुन्हा फोनसारखाच पडदा, तशाच सूचना, तसेच अपडेट. वडिलांना फोनवर गाणी लावता येत नाहीत ही तुमची मूळ तक्रार, आणि तिथे तीच परत येईल. सगळं फोनवरही ठेवा, प्रत म्हणून, तुमच्या स्वतःच्या फोनवर.

तुम्ही रत्नागिरीत राहता असं लिहिलंय म्हणून एक जास्तीचं सांगतो. समुद्राजवळच्या घरांतून येणाऱ्या आयपॉडांच्या हेडफोन जॅकमध्ये आणि खालच्या ३० पिनांवर हिरवट थर सापडतो. दुरुस्तीआधी तिथे टॉर्च मारून बघा. थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशने साफ करून पूर्ण वाळू द्या, मगच केबल लावा. एकाच कानात आवाज येण्याची तक्रारही बऱ्याचदा यानेच सुटते. जॅक खरोखर गेला असेल तर तो होल्डच्या बटणासकट एका पट्टीवर येतो आणि बदलता येतो. वडिलांकडे दिल्यावर पावसाळ्यात तो सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवायला सांगा. आणि वापरात नसला तरी दोन-तीन महिन्यांतून एकदा चार्ज होऊ द्या, पूर्ण रिकामी पडून राहिलेली लिथियम बॅटरी लवकर मरते.

काढलेली जुनी डिस्क फेकू नका. तिच्यावर तारीख लिहून बंद पिशवीत ठेवा. एखादी फाइल कॉपीत अर्धवट आल्याचं नंतर लक्षात आलं, तर पुन्हा प्रयत्न करायला ती हाताशी हवी.

आज रात्री चार्जिंगला लावा आणि उद्या एवढं कळवा: फट सरळ आहे का, डिस्क मोड लागला का, आणि लागला असेल तर रिअ‍ॅलॉक्स आणि पेंडिंग सेक्टर्स किती दिसतात. आकडे मोठे असतील तर कॉपी सुरू न करता आधी इथे लिहा, डीडीरेस्क्यू कसा चालवायचा ते पायरीपायरीने सांगतो.